दोन बोर्ड आणि एक शिट्टी: घरच्या हाय-फायमधल्या स्विचिंग अ‍ॅम्प्लिफायरचं एक प्रकरण

अण्णांची जुनी मांडणी साधी होती. व्हॉल्यूमची सोय असलेला डॅक (डिजिटल गाण्याचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारं यंत्र), त्यापुढे चॅनलमागे ५० वॅटचा क्लास-एबी (म्हणजे जुन्या, सर्रास पद्धतीचा) पॉवर अ‍ॅम्प्लिफायर, ८ ओहमचे टू-वे स्पीकर आणि जोडीला स्वतःचा अ‍ॅम्प पोटात असलेला सबवूफर. स्पीकर सोडून सगळं दार लागणाऱ्या कपाटात. दार बंद ठेवलं की अ‍ॅम्प तापायचा आणि ऐन रंगात थर्मल प्रोटेक्शनमध्ये जाऊन गप्प बसायचा. दार उघडं ठेवलं की घरच्यांची कुरकुर. शेवटी अण्णांनी तो काढला आणि त्याजागी टीपीए३११६ या चिपचे दोन स्विचिंग अ‍ॅम्प्लिफायर बोर्ड बसवले, २४ व्होल्टच्या एकाच एसएमपीएसवर (स्विचिंग पद्धतीच्या वीजपुरवठ्यावर). स्पीकरला खालच्या सुरांच्या वूफरचे आणि वरच्या सुरांच्या ट्वीटरचे टर्मिनल वेगळे होते, म्हणून प्रत्येक स्पीकरला एक बोर्ड दिला: त्याचा एक चॅनल वूफरला, दुसरा ट्वीटरला.

उष्णतेचा प्रश्न लगेच मिटला आणि तीन नवे उभे राहिले. ट्वीटरमधून बारीक शिट्टी येऊ लागली. आवाजात एक चमक आली, जी सुरुवातीला आवडायची आणि थोड्या वेळानं टोचायची. आणि सबवूफर जोडला की एक बोर्ड बंदच पडायचा. अण्णांनी निदान करून टाकलं होतं: "डिजिटल अ‍ॅम्प हा असाच असतो रे. तू फक्त जुना परत लावून दे." मी म्हटलं, लावतो, पण आधी ही तिन्ही दुखणी एकाच रोगाची आहेत का ते बघू द्या. तीन तक्रारी एकदम आल्या की माणूस त्यांना एकच नाव देऊन मोकळा होतो.

जे नीट चाललं होतं ते

जुना अ‍ॅम्प तापायचा यात त्याचा काही दोष नव्हता. आदर्श क्लास-बी टप्प्याची (क्लास-एबी हा त्याचाच जवळचा प्रकार) कार्यक्षमता जास्तीत जास्त ७८.५ टक्के, आणि तीही पूर्ण आवाजात. घरात आपण सरासरी एखाद्या वॅटवर ऐकतो. ५० वॅटच्या अ‍ॅम्पमधून १ वॅट काढताना हाच आकडा आदर्श गणितातसुद्धा ११ टक्क्यांवर येतो. वर बायसचा, म्हणजे ट्रान्झिस्टर तयार ठेवण्यासाठीचा, प्रवाह सतत वाहत असतो तो वेगळाच. म्हणजे गाणं हळू लावलं तरी कपाटात छोटी शेगडी पेटलेली असतेच.

स्विचिंग अ‍ॅम्पमध्ये आउटपुटचे मॉस्फेट (स्विचसारखे वापरलेले ट्रान्झिस्टर) अर्धवट उघडे राहतच नाहीत. ते एक तर पूर्ण चालू असतात, नाहीतर पूर्ण बंद. चालू असताना त्यांच्यावर व्होल्टेज जवळपास नसतं, बंद असताना प्रवाह नसतो, त्यामुळे उष्णता व्हायला फारसं कारण उरत नाही. गाण्याचा सिग्नल एका त्रिकोणी लहरीशी ताडून पाहिला जातो आणि त्यातून सेकंदाला लाखो पल्स तयार होतात. सिग्नल वर गेला की पल्स रुंद होते, खाली आला की अरुंद. पुढे एक कॉइल आणि एक कपॅसिटर हे स्विचिंग गाळून टाकतात आणि स्पीकरला उरतं ते गाणं. पल्सची रुंदी कितीही सूक्ष्म फरकानं बदलू शकते, तिला पायऱ्या नसतात. त्यामुळे यातलं डिजिटल असं मला तरी काही सापडत नाही. कल्पनाही नवी नाही. ब्रिटनमध्ये सिंक्लेअरचा एक्स-१० हा अशा अ‍ॅम्पचा किट १९६४ साली बाजारात आला होता. तेव्हाचे ट्रान्झिस्टर या वेगाला पुरे पडत नव्हते, म्हणून गाडं अडलं. पुरेसे चपळ मॉस्फेट स्वस्त झाल्यावर ते चालू लागलं.

सबवूफर: काळी वायर म्हणजे ग्राउंड नव्हे

बोर्ड बंद पडण्याचं कारण सगळ्यात लवकर सापडलं. धोकाही याच दुखण्यात सगळ्यात जास्त होता.

सबवूफर हाय-लेव्हल इनपुटनं, म्हणजे थेट स्पीकरच्या टर्मिनलवरून, जोडलेला होता. त्याच्या तीन वायरींपैकी दोन डाव्या-उजव्या स्पीकरच्या लाल टर्मिनलला आणि काळी वायर डाव्या स्पीकरच्या काळ्या टर्मिनलला. जुन्या अ‍ॅम्पवर हे वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललं, कारण त्यात काळं टर्मिनल म्हणजेच ग्राउंड होतं. या बोर्डात तसं नाही. इथे स्पीकर दोन अर्ध्या अ‍ॅम्पच्या मध्ये ब्रिज पद्धतीनं टांगलेला असतो. एक बाजू वर जाते तेव्हा दुसरी खाली येते. दोन्ही टर्मिनल जिवंत.

हे तोंडी सांगून अण्णांना पटेना, म्हणून मल्टीमीटर काढला. गाणं बंद, बोर्ड चालू. लाल आणि काळ्या टर्मिनलमध्ये काही मिलिव्होल्ट, म्हणजे शून्यच. मग एक प्रोब काळ्यावरच ठेवला आणि दुसरा सप्लायच्या निगेटिव्हवर टेकवला. काट्यानं १२ व्होल्ट दाखवले. सप्लाय २४ चा, त्याचा बरोबर निम्मा. दोन्ही टर्मिनल १२ वर तरंगत असतात म्हणून त्यांच्यातला फरक शून्य येतो आणि स्पीकरला डीसी कळत नाही.

आता चित्र पुरं झालं. डॅक कॉम्प्युटरला यूएसबीनं जोडलेला, कॉम्प्युटरला अर्थिंग. सबवूफरला तीन पिनांचा प्लग, म्हणजे त्यालाही अर्थिंग. डॅकच्या केबलच्या शील्डमधून बोर्डाचं ग्राउंड त्याच अर्थिंगला पोचलेलं. सबवूफरची काळी वायर या साखळीतून १२ व्होल्टवर बसलेलं आउटपुट थेट ग्राउंडला टेकवत होती. बोर्ड शॉर्ट सर्किट ओळखून स्वतःला बंद करत होता. तो बिघडत नव्हता, जीव वाचवत होता. या चिपचं संरक्षण चांगलं आहे म्हणून निभावलं. प्रत्येक बोर्डाच्या बाबतीत त्या भरवशावर राहू नये.

हाच सापळा ऑसिलोस्कोप लावणाऱ्यांसाठीही असतो. स्कोपच्या प्रोबची ग्राउंड क्लिप अर्थिंगला जोडलेली असते. ती काळ्या टर्मिनलला चिमटली की तोच शॉर्ट. दोन चॅनलचं काळं टर्मिनल एकत्र करणारे हेडफोन अ‍ॅडाप्टर आणि जुन्या पद्धतीचे स्पीकर सिलेक्टरही या अ‍ॅम्पना चालत नाहीत. बॅटरीवरचा मल्टीमीटर मात्र कुठेही लावा.

उपाय म्हणून सबवूफर स्पीकर टर्मिनलवरून काढला आणि डॅकच्या लाइन आउटपुटमधून त्याला सिग्नल दिला. त्याबरोबर दोन अर्थिंगच्या लूपची घूंऽऽ आली. सबवूफरच्या लाइनमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घातल्यावर ती गेली. ती घरघर कुठल्याही अ‍ॅम्पबरोबर आली असती.

शिट्टी

शिट्टीचे काही गुण अण्णांनी स्वतःच टिपून ठेवले होते, आणि त्यावरच अर्धं काम झालं. आवाज कमी-जास्त केला तरी ती तेवढीच राहायची. चालू केल्यावर तिचा सूर एक असायचा, अर्ध्या तासानं दुसराच. कधी ती इतकी वर चढायची की ऐकूच यायची नाही, आणि मग हळूहळू परत खाली उतरायची.

सूर सरकतो हे ऐकल्यावर मला सप्लायपेक्षा दोन बोर्डांचाच संशय आला. सप्लायची कुरकुर असती तर ती लोडबरोबर बदलली असती. इथे लोड तसाच आणि बदलत होतं ते तापमान.

एक बोर्ड बंद केला. दोन्ही स्पीकर शांत. पहिला चालू करून दुसरा बंद केला, तरी शांत. दोन्ही चालू झाले की शिट्टी हजर. मग दोन्ही चालू ठेवून एका बोर्डावर हेअर ड्रायरची कोमट हवा सोडली. शिट्टीचा सूर मींड घेतल्यासारखा सरकत गेला. हवा थांबवल्यावर हळूहळू माघारी आला. अण्णा खुर्चीतून उठून पाहायला आले. फोनवरच्या स्पेक्ट्रम अ‍ॅपमध्ये ३ ते ४ किलोहर्ट्झच्या मध्ये एकच सुळका हलताना दिसत होता.

प्रत्येक बोर्डाला त्याचा स्वतंत्र ऑसिलेटर असतो. दोन्ही ४०० किलोहर्ट्झवर लावलेले, पण हुबेहूब ४०० वर कोणीच नसतो. एक टक्क्याचा फरक म्हणजे ४ किलोहर्ट्झ, आणि माणसाचा कान नेमका त्याच पट्ट्यात सगळ्यात तिखट. तंबोऱ्याच्या जोडाच्या तारा किंचित विसंवादी असल्या की जी हेलकावणारी आस ऐकू येते, तोच हा प्रकार, फक्त मूळ सूर कानाच्या पल्याडचे आणि त्यांच्यातला फरक तेवढा कानाच्या आतला. एका बोर्डाचं स्विचिंग सामाईक सप्लायच्या आणि ग्राउंडच्या वाटेनं दुसऱ्यात शिरतं, तिथे दोघांची गाठ पडते आणि फरकाचा सूर आउटपुटला येतो.

अण्णांना वाटलं, मग दोन वेगळे सप्लाय घेतले की झालं. तेही करून पाहिलं. शिट्टी बरीच दबली, पण गेली नाही, कारण डॅकच्या केबलींमधून दोन्ही ग्राउंड अजून एकत्रच होते. इंटरनेटवरच्या मंचांवर या दुखण्यावर पहिला सल्ला 'सप्लाय बदला' हाच मिळतो आणि लोक त्यात बराच खर्च करतात. अण्णांच्या मनात तर जुन्या अ‍ॅम्पचा ट्रान्सफॉर्मर वापरायचं होतं, 'लिनिअर सप्लाय गोड वाजतो' म्हणून. ते मात्र मी ठामपणे अडवलं. ही चिप २६ व्होल्टपर्यंत वापरायची आहे. ५० वॅटच्या जुन्या अ‍ॅम्पचा सप्लाय तिला पहिल्याच क्षणी जाळून टाकेल.

खरा पुरावा वेगळ्या वाटेनं मिळाला. या चिपला स्विचिंगची वारंवारता निवडायला तीन पिना आहेत. मूळ हेतू असा की रेडिओवर एखादं एएम केंद्र ऐकताना अ‍ॅम्पनं त्याच्या वाटेतून बाजूला व्हावं, म्हणून ४००, ५००, ६००, १०००, १२०० किलोहर्ट्झ अशा जागा ठेवल्या आहेत. एका बोर्डाचा जम्पर बदलून तो ५०० वर नेला. आता फरक १०० किलोहर्ट्झचा, कानाच्या कक्षेबाहेर. शिट्टी त्या क्षणी गेली.

तिथेच थांबलो असतो तरी चाललं असतं. पण ४०० आणि ५०० यांच्या वरच्या पटी पुन्हा एकमेकींच्या जवळ येतात (४०० ची पाचपट आणि ५०० ची चौपट दोन्ही २ मेगाहर्ट्झवर), आणि तिथून पुसट सूर परत डोकावायची शक्यता राहते. शिवाय चिपमध्येच नीटनेटका उपाय होता. एका बोर्डाला म्होरक्या करायचं, दुसऱ्याला त्याच्या तालावर चालवायचं. दोन्हींच्या सिंक पिना आखूड वायरनं जोडल्या, त्या वायरीला ग्राउंडच्या वायरीचा पीळ दिला, दुसऱ्या बोर्डाची वारंवारता पुन्हा ४०० वर आणली आणि त्याच्या एका पिनेवरची रेझिस्टरची जोडी बदलून त्याला अनुयायी केलं. ही पिन चिप फक्त चालू होताना वाचते, त्यामुळे रेझिस्टर बदलून बोर्ड बंद-चालू केल्याशिवाय काही घडत नाही. आता दोन्ही बोर्ड एकाच घड्याळावर. फरक शून्य, म्हणून शिट्टीही नाही.

खरं सांगायचं तर सगळ्यात सोपा उपाय एक बोर्ड काढून टाकण्याचा होता. एका चिपमध्ये दोन चॅनल आणि एकच ऑसिलेटर. डावा-उजवा स्पीकर तिच्यावर सहज चालला असता. वूफर-ट्वीटर वेगळे चालवून इथे ताकद वाढलेली नव्हती. दोन्ही चॅनलना पूर्ण सिग्नलच मिळतो, सूर वाटून देणारा क्रॉसओव्हर स्पीकरच्या आतच राहतो आणि व्होल्टेजची मर्यादा त्याच २४ व्होल्टची. मी हे अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "दोन घेतलेत ते दोन लावायलाच." यावर वाद घालण्यात अर्थ नसतो.

चमक

इथे मी एका संशयितावर बराच वेळ घालवला, आणि तो निर्दोष निघाला.

स्विचिंग अ‍ॅम्पच्या आउटपुटची कॉइल आणि कपॅसिटर यांच्या फिल्टरची वागणूक स्पीकरच्या इम्पिडन्सवर (बदलत्या प्रवाहाला होणाऱ्या विरोधावर) अवलंबून असते. या बोर्डांवर प्रत्येक बाजूला १० मायक्रोहेन्री आणि १ मायक्रोफॅरड आहेत. त्यांची सीमा येते ५० किलोहर्ट्झच्या आसपास. ब्रिजमुळे प्रत्येक बाजूला स्पीकरचा निम्मा लोड दिसतो. गणित मांडलं तर २० किलोहर्ट्झवर ४ ओहमचा स्पीकर असेल तर आवाज ०.४ डेसिबलनं खाली, ८ ओहमला ०.९ डेसिबलनं वर, आणि लोडच नसेल तर १.५ डेसिबलनं वर. चिपचा फीडबॅक (चूक सुधारण्यासाठी आउटपुटमधून परत घेतलेला सिग्नल) फिल्टरच्या आधीच घेतलेला असल्यामुळे ही चढण दुरुस्त होत नाही. अण्णांच्या ट्वीटरचा इम्पिडन्स वरच्या टोकाला १२ ओहमपर्यंत चढतो, म्हणजे तिथे सव्वा डेसिबलची चढण. अनेक जण 'डिजिटल धार' म्हणतात तिचं हे ठरलेलं स्पष्टीकरण.

पण तोच आकडा १० किलोहर्ट्झवर काढला तर जेमतेम ०.३ डेसिबल भरतो. अण्णांनी साठी कधीच ओलांडली आहे. टेस्ट टोन लावून पाहिला, १२ किलोहर्ट्झच्या वर त्यांना काही ऐकू येत नव्हतं. जी चढण मुख्यतः त्यांच्या ऐकण्याच्या पलीकडे आहे ती त्यांच्या कानाला टोचणार कशी?

मग गेन, म्हणजे सिग्नल किती पट मोठा होतो ते, तपासलं. बोर्ड आले तेव्हा ३२ डेसिबलवर होते, म्हणजे सिग्नल चाळीस पट. जुना अ‍ॅम्प २९ च्या घरातला, अठ्ठावीस पट. डॅकच्या डिस्प्लेवर अण्णा नेहमीचाच आकडा ठेवून ऐकत होते, आणि त्यामुळे सगळं संगीत ३ डेसिबलनं मोठं वाजत होतं. थोडा मोठा आवाज आधी 'स्पष्ट' वाटतो आणि तासाभरानं थकवतो. वर शिट्टी, तीही कानाच्या सगळ्यात हळव्या पट्ट्यात.

म्हणून बरोबरीनं तुलना केली. ४०० हर्ट्झचा टोन लावून दोन्ही अ‍ॅम्पचं स्पीकर टर्मिनलवरचं व्होल्टेज एक टक्क्याच्या आत जुळवलं. एक टक्का म्हणजे डेसिबलचा दहावा हिस्सा. हा टोन मुद्दाम खालचा निवडला, कारण साधे मल्टीमीटर वरच्या वारंवारतेला फसतात. मग आम्ही दोघं कपाटाकडे पाठ करून बसलो आणि वहिनी अ‍ॅम्प बंद करून वायरी बदलत राहिल्या. कधी बदलल्याचं नुसतं नाटक केलं, हे त्यांनी नंतर सांगितलं. कोणता कुठला हे अण्णांना खात्रीनं सांगता येईना. मलाही नाही.

त्यानंतर दोन्ही बोर्डांचा गेन २० डेसिबलवर आणला, म्हणजे दहा पट. डॅक पूर्ण उघडल्यावर २ व्होल्ट देतो. दहा पटीनं ते २० व्होल्ट होतात आणि २४ व्होल्टच्या सप्लायवर बोर्ड १६ च्या आसपासच क्लिप होतो, म्हणजे लहरीचे शेंडे कापू लागतो. म्हणजे गेन कमी करूनही काही गमावलं नाही. उलट मिळालं. डॅकचा व्हॉल्यूम आकड्यांमधला असल्यानं आवाज कितीही कमी केला तरी त्याच्या आउटपुटची खरखर तेवढीच राहते, आणि आधी तीच खरखर चाळीस पटीनं ट्वीटरला पोचत होती. आता ती १२ डेसिबलनं खाली गेली आणि कान जाळीला टेकवल्याशिवाय ऐकू येत नाही. गेन ठरवणारी पिन तीच, जिच्यावर म्होरक्या-अनुयायी ठरतं. त्यामुळे सोल्डरिंग आयर्न एकदाच गरम करावं लागलं.

फिल्टरचा संशय या घरापुरता निकाली निघाला, एवढंच. ज्यांचे कान तरुण आहेत आणि ज्यांच्या स्पीकरचा इम्पिडन्स खूप वर-खाली होतो, त्यांनी फिल्टरनंतर फीडबॅक घेणारं मॉड्यूलच घ्यावं. फिलिप्समध्ये असताना ब्रुनो पुत्झेस यांनी केलेली यूसीडी रचना आणि त्यांच्याच हातून पुढे आलेली हायपेक्स कंपनीची एनकोर याच विचारावर उभ्या आहेत. तिथे लोड बदलला तरी वरचं टोक जवळपास सपाट राहतं.

राहिलेलं

मध्यम लहरींचा रेडिओ अजून कुरकुरतो. स्पीकरच्या वायरींपासून हातभर अंतरात आणला की ४०० किलोहर्ट्झच्या पटी त्यावर सरळ ऐकू येतात, ८०० आणि १२०० च्या आसपास तर जास्तच. वायरी पिळून आखूड केल्या, बोर्डाजवळ फेराइटचे कडे चढवले. फरक पडला, पण पुरता गेला नाही. या बोर्डांच्या मोडमध्ये गाणं नसतानाही दोन्ही आउटपुट एकाच वेळी वर-खाली होत असतात आणि दोन्ही वायरी मिळून अँटेना बनतात. बोर्ड धातूच्या डब्यात घालणं बाकी आहे. तोवर रेडिओ दुसऱ्या खोलीत गेला आहे.

कपाटाचं दार आता बंद असतं. जुना अ‍ॅम्प अण्णांनी विकायला काढला नाही. तो माळ्यावर आहे, आणि सबवूफरची ती तीन वायरींची केबल मी मुद्दाम त्याच्याबरोबरच बांधून वर टाकली, म्हणजे कोणी ती चुकून बोर्डाला लावायला नको.